थोरलीचं वय

कांदा काढायला आला त्याच आठवड्यात कागदवाल्याचा फोन आला की नंबर लागला.

नवरा-बायको दोघंही शेतात होती. बायको ओणवी होऊन कांदा उपटत होती, तो मागे बसून विळ्यानं पात कापत होता. फोन कानाला लावून तो बराच वेळ नुसतं "हो, हो" म्हणत राहिला. मग म्हणाला, "लागला."

"काय लागलं? बघू. खोल आहे का?" तिला वाटलं, विळा लागला. त्याचा हात हातात घेऊन ती उलटासुलटा करून बघायला लागली. तसा तो हसायला लागला, आणि हसता हसता खोकायला लागला.

"अगं, नंबर लागला. आपला. ताईकडे जायचा."

ती होती तिथेच मातीत बसली. हातातल्या कांद्याची माती अंगठ्यानं पुसत राहिली.

त्याची मोठी बहीण लग्न करून परदेशी गेली होती. तिचा नवरा तिला तिथेच टाकून निघून गेला आणि ती एकटी राहिली. एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला लागली. तिथली नागरिक झाली तेव्हा सख्ख्या भावाला, त्याच्या बायको-मुलांसकट, कायमचं बोलावून घ्यायचा हक्क तिला मिळाला आणि लगेच तिनं अर्ज घातला. तेव्हा भावाची थोरली मुलगी जेमतेम अक्षरं जोडून वाचायला शिकली होती. धाकटी तर जन्मालाही आली नव्हती. पण रांग मोठी होती. वर्षातून एकदा थोडी सरकायची, एखाद्या वर्षी मागेही यायची.

गावानं काही वर्षं कौतुकानं विचारलं, मग कंटाळून त्याचं नावच 'पाहुणा' ठेवलं. "काय पाहुणे, अजून इथेच?" असं म्हटल्याशिवाय त्याला कोणी रस्ता ओलांडू देईना. तोही हसून घ्यायचा. पण त्याच्या घरात सगळंच अर्ध्यावर थांबलेलं होतं. छताचा पत्रा गळायचा, त्यावर दगड ठेवून भागवलं. विहिरीतला गाळ काढायचा राहिला. बांधाला झाड लावायचं म्हटलं की तो म्हणायचा, "फळं कोण खाणार? आपण जाणारच." थोरली बारावीला चांगली पास झाली तेव्हाही तो हेच म्हणाला. इथली पदवी तिथे चालत नाही, तिथेच जाऊन शिक. ती घरी बसली आणि शेतात राबायला लागली. तिला दोन स्थळं आली, चांगली होती. ती दारातूनच परत पाठवली, कारण लग्न झालं की मुलीचं नाव अर्जातून उडतं, असं अर्ज भरून देणाऱ्या कागदवाल्यानं बजावून सांगितलं होतं.

आता नंबर लागला होता. तपासणी झाली, मुलाखत झाली, की दोन-तीन महिन्यांत विमान.

"आधी शिक्का बसू दे," बायको म्हणाली. "मग विकायचं ते विका."

"तोवर गिऱ्हाईक थांबेल? घाईत विकायला लागलो की मातीमोल भावानं मागतील."

गिऱ्हाईक म्हणजे खतवाला. बाजारात त्याचं खताचं दुकान होतं आणि पाहुण्याच्या शेताला लागून त्याचं शेत. त्याला ते सलग हवं होतं. त्यानं शेत घेतलं, विहीर घेतली, घरही घेतलं. "तुम्ही जाईपर्यंत खुशाल राहा. घर काय, तुमचंच आहे," असं म्हणाला. गाई एका दूधवाल्यानं नेल्या. लाल गाय टेम्पोत चढेना, तेव्हा थोरलीनं पुढे होऊन तिला चुचकारत चढवली, आणि टेम्पो गेल्यावर रिकाम्या गोठ्यात जाऊन शेण भरून काढलं. काढायची काही गरज नव्हती.

भांडी वाटली गेली. पलंग मुलींच्या मामाकडे गेला. गावानं जाण्याआधीचं जेवणही घातलं, आणि पहिल्यांदाच कोणी चेष्टा केली नाही.

मग ते चौघं शहरात तपासणीला गेले.

वकिलातीनं ठरवून दिलेला दवाखाना होता. फरशी इतकी चकचकीत की धाकटी चपला हातात घेऊन चालायला लागली. एकेकाला आत नेऊन छातीचा फोटो काढला. तिघींचा एकदा काढला. पाहुण्याचा पुन्हा काढला. मग त्याला एका काचेच्या खोलीत नेऊन डबीत थुंकी द्यायला सांगितली.

"हा खोकला किती दिवसांचा?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"धुळीचा आहे. शेतातल्या माणसाला असतोच."

"वजन कमी झालंय?"

"विमानात हलकाच माणूस बरा," तो म्हणाला. कोणी हसलं नाही.

पंधरवड्यानं निकाल आला. क्षय. सहा महिने रोज गोळ्या, त्यानंतर पुन्हा थुंकी, पुन्हा फोटो, आणि सगळं साफ निघालं तरच पुढची सही. तोवर फाईल कपाटात.

"आम्ही तिघी पुढे गेलो तर?" बायकोनं कागदवाल्याला विचारलं. कागदवाल्याची तालुक्याच्या चौकात एक टपरीवजा खोली होती, लोकांचे परदेशाचे अर्ज तो भरून द्यायचा. डोक्याला भरपूर तेल लावायचा आणि वाईट बातमी सांगायची असली की आधी चहा मागवायचा. त्यानं चहा मागवला.

"अर्ज भावाच्या नावानं आहे, वहिनी. तो गेला तर तुम्ही. तो नाही तर कोणीच नाही."

"बरं. मग सहा महिने थांबू. इतकी वर्षं थांबलो."

"थांबा हो. तुमचं काही जात नाही." त्यानं बशी उचलली, पुन्हा खाली ठेवली. "मुलीचा वाढदिवस कधी असतो? थोरलीचा?"

बायकोनं सांगितला.

"एकविसाव्याच्या आतलं मूल आईबापाबरोबर जातं. एकवीस पूर्ण झाली की ती मूल राहत नाही. औषध संपायच्या आधीच तिला एकवीस होतंय."

"मग?"

"मग तुम्ही तिघं."

पाहुण्याला खोकला आला. तो बाहेर जाऊन गटाराच्या कडेला वाकून खोकत राहिला. बायको आत बसून राहिली. चहावर साय धरली तरी तिनं तो प्यायला नाही.

घर होतं, पण घरात काही नव्हतं. शेत होतं, पण दुसऱ्याचं. विक्रीचे पैसे बँकेत होते, पण ताईनं बजावलं होतं, त्याला हात लावू नका, इथे आल्यावर पहिले दिवस त्याच्यावरच निघतील. म्हणून बायको आणि थोरली मजुरीला गेल्या. कुठे जाणार? उशिरा लावलेला निम्मा कांदा अजून जमिनीत होता. खतवाल्याला माणसं हवी होती.

पहिल्या सकाळी खतवाला बांधावर उभा होता. बायको त्याला नेहमी "भाऊ" म्हणायची. त्या दिवशी बाकीच्या बायका "मालक, पाणी कुठे ठेवलंय?" म्हणून विचारत होत्या. तिलाही विचारायचं होतं. तोंड उघडलं आणि "मालक" हाच शब्द बाहेर पडला. खतवाल्यानं चमकून तिच्याकडे बघितलं, मग नजर वळवली. पण "भाऊच म्हणा" असं काही तो म्हणाला नाही.

आपलं शेत तिला पायांनी पाठ होतं. कुठे माती चिकट आहे, कुठे खडक वर आलाय, कुठे कांदा लहान राहतो. खतवाल्याला नळीची जोडणी सापडेना तेव्हा तो तिलाच हाक मारायचा, "ओ पाहुणीणबाई, जरा दाखवा." ती कुदळ घेऊन नेमकी जागा उकरून द्यायची. त्या वेळाची मजुरी तो धरायचा नाही. उपटण्याची मजुरी ओळीवर होती, आणि ती उकरत असताना तिची ओळ मागे पडायची. थोरली न बोलता आपली ओळ सोडून आईची ओळ ओढत आणायची.

ऊन चढलं की पातीच्या वासानं डोकं धरायचं. नखांच्या कडा फाटल्या. पात कापताना कांद्याची मान किती ठेवायची यावरून मुकादमीण ओरडायची. स्वतःच्या शेतात पहिल्यांदाच कोणीतरी तिला कांदा कापायला शिकवत होतं. ती मान खाली घालून "बरं" म्हणायची.

पाहुणा रोज सकाळी गावच्या दवाखान्यात चालत जायचा. तिथली नर्स त्याला समोर उभं करून गोळ्या गिळायला लावायची, मग तोंड उघडून दाखवायला लावायची. "जीभ वर करा. बाजूला करा." त्यानं एकही गोळी चुकवली नाही. गोळ्यांनी लघवी केशरी व्हायची, घामाचे बनियनवर केशरी डाग पडायचे. मळमळायचं. घरी येऊन तो भिंतीला टेकून बसायचा आणि शेतातली माणसं खिडकीतून बघायचा. हात चालवल्याशिवाय बसणं त्याला ठाऊक नव्हतं. मग धाकटीच्या वह्यांना कव्हरं घाल, विळ्यांना धार लाव, असं काहीतरी करायचा. एकदा तर त्यानं छतावर चढून गळका पत्रा बसवला. इतकी वर्षं न बसवलेला. खाली उतरताना त्याला चक्कर आली.

"कुणाच्या घराचा पत्रा बसवताय?" बायको म्हणाली. तिला इतकं टोचून बोलायचं नव्हतं.

कांदा निघाल्यावर खतवाल्यानं गोडाऊन म्हणून घर वापरायला काढलं. "एकच खोली लागेल मला," म्हणाला, आणि दोन्ही खोल्यांत खताची पोती रचली. मधे चौघांना आडवं व्हायला पट्टा उरला. पोत्यांचा उग्र वास नाकात बसला. पाहुण्याचा खोकला जरा थांबत आला होता, तो पुन्हा वाढला. बायको खतवाल्याच्या दुकानात गेली.

"मालक, ह्यांच्या छातीला त्रास होतो. पोती गोठ्यात ठेवली तर?"

"गोठ्याला भिंत कुठाय? पावसात भिजली म्हणजे? तुम्हीच बांधली नाहीत ती." तो काही रागानं बोलत नव्हता. खरं तेच सांगत होता.

दुसऱ्या दिवशी थोरलीनं पाहुण्याची गादी गोठ्यात नेली, बांबू रोवले, जुन्या गोण्या शिवून त्यांचा आडोसा केला. तो तिथे झोपायला लागला. लाल गाय बांधायचे त्याच जागी.

ताईचा फोन रविवारी सकाळी यायचा. तिच्याकडे तेव्हा शनिवार संपत आलेला असायचा. चौघं फोनभोवती बसायचे.

"तीन खोल्यांचं घर घेतलंय मी भाड्यानं," ताई सांगायची. "थोरलीच्या खोलीला खिडकी आहे. समोर झाड आहे. मनगटाचं ऑपरेशन सांगितलंय डॉक्टरांनी, पण आता नको. सुट्टी घेतली की पगार कापतात, आणि पगार कमी दिसला की सरकार म्हणणार, तू काय चौघांना पोसणार? म्हणून डाव्या हातानं करतेय."

थोरलीचं तिला अजून कोणी सांगितलं नव्हतं. प्रत्येक रविवारी पाहुणा बायकोकडे बघायचा, बायको जमिनीकडे. शेवटी थोरलीनंच फोन हातात घेतला.

"आत्या, ती खोली भाड्यानं देऊन टाक. मी वयाच्या बाहेर जाते."

ताई म्हणाली, "म्हणजे काय? मी तुझं नाव लिहिलंय. मी माझ्या हातानं लिहिलंय."

"लिहिलंस ग. पण मी मोठी झाले."

ताईनं तिथे चौकशी केली. सुट्टी घेऊन, पगार कापून घेऊन, दोन वकिलांच्या दारात बसून आली. निघालं ते एवढंच: आईवडील तिथे स्थायिक झाले की मुलीसाठी वेगळा अर्ज घालता येतो. नवी रांग. दहा वर्षं म्हणा, जास्तही लागतील. आणि तोवर मुलीनं लग्न करायचं नाही.

"दहा वर्षं काय, बघता बघता जातील," ताई फोनवर म्हणाली. या घरात हे वाक्य ऐकायची कोणाची ताकद उरली नव्हती.

वाढदिवस जवळ आला तशी बायको एकटीच शहराच्या दवाखान्यात गेली. कोणाला सांगितलं नाही. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून सोबत कांद्याची छोटी गोणी घेतली, काढणीनंतर शेतात मागे राहिलेला वेचून भरलेली. गोणीचं वेगळं तिकीट बसवाल्यानं घेतलं. दवाखान्याच्या दारात पहारेकऱ्यानं गोणी बाहेरच ठेवायला लावली.

डॉक्टरीणबाईंनी तिला ओळखलं नाही. फाईल काढल्यावर ओळखलं.

"मधल्या तपासणीत थुंकी साफ आलीय ना, बाई?" बायकोनं विचारलं.

"आलीय. चांगलं आहे."

"मग सही करा ना. आत्ता करा. गोळ्या ते शेवटपर्यंत घेतील, मी घालीन त्यांच्या घशात. विमानात घालीन."

"मुदत पूर्ण झाल्याशिवाय मला सही करता येत नाही."

"माझी मुलगी राहते हो मागे. महिन्याभराचा प्रश्न आहे."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "मला कळतंय. पण उद्या त्यांचा आजार तिथे उलटला, तर ते मला विचारतील. मग माझी सही कुठेच चालणार नाही. आणि पुढची सगळी माणसं अडकतील."

बायको टेबलाची कड धरून उभी राहिली. नखांतली कांद्याची काळी रेघ पांढऱ्या टेबलावर फार उठून दिसत होती. तिनं हात मागे घेतले. बाहेर आली तेव्हा पहारेकरी म्हणाला, "हे विकायला आणलेत का? काय भाव?"

गोणी तशीच परत आणली. परतीचंही तिकीट पडलं.

वाढदिवसाच्या दिवशी थोरलीनं केस धुतले आणि कामावर गेली. खतवाल्यानं नवी रोपं लावायला काढली होती. चिखलात पोटरीपर्यंत पाय बुडवून बायका रांगेनं मागे मागे सरकत होत्या. आई तिच्या शेजारच्याच ओळीत होती. जेवायला बसल्यावर आईनं आपल्या डब्यातला गुळाचा खडा तिच्या भातावर ठेवला. थोरलीनं तो तोडून अर्धा परत आईच्या डब्यात टाकला.

"आपण जायचं नाही," त्या संध्याकाळी बायको म्हणाली. चौघं पोत्यांमधल्या पट्ट्यात बसले होते. "सांगून टाका ताईंना. चौघं असू तर जाऊ, नाहीतर इथेच मजुरी करू."

"मीही तेच म्हणतो," पाहुणा म्हणाला. "माझ्या छातीनं केलं हे. मी कोणत्या तोंडानं विमानात बसू?"

धाकटी नुसती या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होती.

"झालं तुमचं?" थोरली म्हणाली. ती कधी आवाज चढवायची नाही. "शेत विकलंत. गाई विकल्या. घर विकलंत. मला शिकू दिलं नाहीत. हे सगळं जाण्यासाठी केलंत ना? मग जा. आता माझ्यासाठी थांबलात, तर उद्या ही धाकटी चिखलात उभी राहील आणि माझ्याकडे बघेल. आणि तुम्ही दोघं तिच्याकडे बघाल, आणि मग माझ्याकडे. ते मला नको. आधीच फार आहे माझ्या अंगावर."

"तू कुठे राहशील?" आई म्हणाली. "मामाकडे?"

"मामाकडे फुकट राबायचं, वर उपकार. इथेच राहीन. मी बोललेय मालकाशी."

"कशाबद्दल?"

"पोत्यांवर राखण हवीय त्याला. आणि शेतावर मुकादमीण. मला सगळं माहीत आहे इथलं. खोली देतो म्हणाला, पगार देतो."

"आपल्याच घरात नोकर म्हणून?" पाहुणा म्हणाला.

"आपलं कुठाय?"

पाहुणा उठून गोठ्याकडे गेला. गोण्यांच्या आडोशामागून त्याचा आवाज येत होता. तो खोकत नव्हता.

औषध संपलं, थुंकी साफ आली, सही झाली. मुलाखतीला खिडकीपलीकडच्या बाईनं तीन पासपोर्ट मागितले आणि विचारलं, "मोठ्या मुलीचं नाव कमी करायचं ना?" पाहुणा म्हणाला, "हो." नंतर बसमध्ये तो बायकोला म्हणाला, "तिनं विचारलं, मी हो म्हटलं. एवढंच होतं." आणि गावापर्यंत तो तेच परत परत सांगत राहिला.

निघायच्या सकाळी थोरलीनं बॅगांना दोऱ्या बांधल्या. गाडीवाला ओरडत होता. आईनं तिला धरलं तर ती आधी ताठ उभी राहिली, मग एकदाच आईच्या खांद्यावर डोकं टेकून बाजूला झाली. "मजूर येतील आता," म्हणाली. "मला जायला हवं."

गाडी शेताजवळून गेली तेव्हा ती बांधावर उभी राहून बायकांना ओळी वाटून देत होती. तिनं हात केला. गाडीला की बायकांना, ते आईला कळलं नाही.

विमानतळावर ताई उभी होती. किती म्हातारी झाली होती. उजव्या मनगटाला पट्टा. तिनं भावाला मिठी मारली आणि रडली, धाकटीला उचलायला गेली आणि मनगट दुखून खाली ठेवली. घरी नेलं. तीन खोल्या होत्या, खिडकीला झाड होतं. त्या खोलीत पलंगावर नवी चादर घातलेली होती, टेबलावर वह्या आणि पेनं. ताईनं दार लावून घेतलं. "राहू दे अजून," म्हणाली. धाकटी मधल्या खोलीत आईबापांजवळ झोपायची.

पाहुण्याला एका गोदामात झाडलोटीचं काम मिळालं. बायको ताईच्याच धुलाईखान्यात लागली. वाफेनं तिथल्या भिंतींना सतत घाम फुटलेला असायचा. इस्पितळातल्या चादरी पिंपांतून यायच्या, धुऊन वाळून गरम गरम बाहेर पडायच्या, आणि दोघींनी दोन टोकं धरून त्यांच्या घड्या घालायच्या. ताईनं तिला शिकवलं. टोकं धर, झटक, अर्धी कर, जवळ ये, माझ्या हातात दे. जिवापाड शिकवलं. दुपारी स्वतःच्या डब्यातलं काढून द्यायची, मुकादम ओरडला तर मधे पडायची, "नवी आहे ती, माझी आहे." रोज सकाळी बसमध्ये तिच्यासाठी खिडकीची जागा धरायची.

बायको तिच्याशी कामापुरतं बोलायची. ताईनं काही वाईट केलं नव्हतं. आयुष्य घातलं होतं तिनं. ते कळत होतं म्हणूनच बायकोला तिच्यावर रागावताही येत नव्हतं, आणि राग तर जागचा हलत नव्हता.

ताईनं पहिल्याच महिन्यात भावाला घेऊन जाऊन थोरलीचा नवा अर्ज घातला. थोरली फोनवर थोडंसंच बोलायची. पाऊस चांगला झाला, रोपं लागली, बाबांना गार पाणी पिऊ देऊ नका. मागून बायकांचे आवाज यायचे. "ठेवते, काम आहे."

दुसऱ्या वर्षी तिचा फोन आला तो अवेळी, धुलाईखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीत. आईनं घाबरून उचलला.

"आई, मी लग्न केलं. काल. कांद्याचा ट्रक चालवतो तो. तू बघितलंयस त्याला, उंच आहे, कमी बोलतो."

"आम्हाला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, थांब."

आईनं पुढ्यातला डबा झाकला.

"पोटभर जेवतेस ना?" तिनं शेवटी विचारलं.

"जेवते. दोन खोल्या आहेत. आत खत नाही," थोरली म्हणाली, आणि हसली. किती वर्षांनी हसली ते आईला आठवेना.

सुट्टी संपली. पिंप आलं. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या आणि बायकोनं चादरीची टोकं उचलता उचलता सांगितलं.

ताईचे हात थांबले. "लग्न? अगं, अर्ज गेला की. सगळा गेला. मी... तिला माहीत होतं ना? सांगितलं होतं ना आपण?"

"माहीत होतं."

"मग असं कसं केलं तिनं? माझ्या कष्टांवर पाणी फिरवलं. मी कुणासाठी हे सगळं..."

"ताई, धरा नीट," बायको म्हणाली. "लोंबतंय."

ताईनं टोकं धरली. दोघींनी झटकली. चादर मधोमध फुगली आणि खाली बसली. अर्धी केली. मग दोघी एकमेकींकडे चालत आल्या. ताईचा चेहरा अगदी समोर आला, वाफेनं ओला, ओठ हलत होते. बायकोला वाटलं, आता काहीतरी बोलायला हवं. या बाईचं मनगट, तिची वर्षं, ती बंद ठेवलेली खोली, सगळं तिला दिसत होतं. तिनं आपली टोकं ताईच्या हातात दिली, खाली वाकून घडीचा काठ उचलला, आणि पुढच्या चादरीसाठी मागे सरली.